विंडोज ११ वर जुने डॉस आणि कन्सोल प्रोग्रॅम चालत नाहीत, नेमकं काय करायचं?

वहीखाते (प्रश्न)

जुन्या ३२-बिट मशीनवरचे तीन प्रोग्रॅम ६४-बिट विंडोज ११ वर हलवायचे आहेत. फोल्डर जसेच्या तसे कॉपी केले आहेत. सध्याची स्थिती अशी:

१) स्टॉक.ईएक्सई. क्लिपर ५ (डॉसवरची जुनी डेटाबेस भाषा) मधला. डेटाच्या डीबीएफ फाइल्स आणि त्यांचे एनटीएक्स इंडेक्स. डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये, तीन मशीनवरून एकाच वेळी वापर. छपाई एलपीटी१ (जुना पॅरलल प्रिंटर पोर्ट) वर, १३२ कॉलम, डॉट मॅट्रिक्स. डबल क्लिक केलं की "हा अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" एवढाच संदेश.

२) भार.ईएक्सई. टर्बो पास्कल ७ मधला. साध्या डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सायकल (वेगाचं सेटिंग) मॅक्स ठेवून चालवला, तर पहिला मेनू यायच्या आतच "रनटाइम एरर २००". याचा सोर्स आहे, बाकी दोघांचा नाही.

३) बदल.ईएक्सई. टेक्स्ट फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारा. हा चालतो, एररही देत नाही, पण तयार झालेली फाइल त्याच्या फोल्डरमध्ये दिसत नाही. शिवाय चौकटीच्या रेघांच्या जागी भलतीच अक्षरं येतात.

हे तिन्ही रोज.बॅट नावाच्या बॅच फाइलमधून एकामागून एक चालतात. कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत सगळे पर्याय निवडून झाले, काही फरक नाही. ३२-बिट विंडोज १० टाकणं हाच एक मार्ग उरतो का?

---

हेक्सवाचक

कंपॅटिबिलिटी टॅबचा इथे उपयोग होणार नाही. तो टॅब प्रोग्रॅमला विंडोजची आवृत्ती खोटी सांगतो आणि काही जुन्या वागणुकी परत आणतो. १६-बिट कोड चालवायची सोयच सिस्टिममध्ये नसेल तर तो काय करणार? ३२-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग डॉस प्रोग्रॅम चालवायचा, तोही प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ मोडच्या जोरावर. प्रोसेसर ६४-बिट लाँग मोडमध्ये गेला की तो मोड उपलब्ध राहत नाही. म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम कधीच नव्हता, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही.

तुमचे तीन प्रोग्रॅम म्हणजे बहुधा दोन वेगळे आजार आहेत. औषध ठरवण्याआधी प्रत्येक ईएक्सईचा हेडर (फाइलच्या सुरुवातीचा, तिचा प्रकार सांगणारा भाग) बघा. पॉवरशेलमध्ये "फॉरमॅट-हेक्स" ही कमांड आहे, किंवा कुठलाही हेक्स एडिटर चालेल. लिनक्स हाताशी असेल तर "फाइल" ही कमांड थेट उत्तर देते.

पहिले दोन बाइट ४डी ५ए असतात, म्हणजे "एमझेड". हे सगळ्याच ईएक्सईंमध्ये असतं, त्यावरून काहीच ठरत नाही. हेक्स पत्ता ३सी वर जा आणि तिथले चार बाइट उलट्या क्रमाने वाचा. उदाहरणार्थ ८० ०० ०० ०० असेल तर नवा पत्ता हेक्स ८०. त्या पत्त्यावर काय आहे ते पाहा:

५० ४५ ०० ०० असेल तर "पीई", म्हणजे विंडोजचा खराखुरा ३२ किंवा ६४-बिट प्रोग्रॅम. लगेच पुढचे दोन बाइट ४सी ०१ असतील तर ३२-बिट, ६४ ८६ असतील तर ६४-बिट. कन्सोलची काळी खिडकी उघडते म्हणून त्याला डॉस प्रोग्रॅम समजू नका, ही गल्लत सर्रास होते.

४ई ४५ असेल तर "एनई", विंडोज ३.१ च्या काळातला १६-बिट प्रोग्रॅम. त्यासाठी ओटीव्हीडीएम (६४-बिट विंडोजवर असे प्रोग्रॅम चालवणारं साधन) बघा, डॉसबॉक्सची गरज नाही.

४सी ४५ असेल तर "एलई", बहुधा डॉस एक्सटेंडर (डॉसमध्ये ३२-बिट कोड चालवू देणारा भाग) वापरणारा ३२-बिट डॉस प्रोग्रॅम. डॉसबॉक्समध्ये चालतो.

यातलं काहीच नसेल, किंवा ३सी वरचा आकडा फाइलच्या बाहेरच जात असेल, तर साधा डॉस प्रोग्रॅम.

जुन्या कॉम एक्सटेन्शनच्या फाइल्सना सहसा हेडरच नसतो, त्या थेट डॉसच्या समजा.

एक सापळा सांगून ठेवतो. पुष्कळ जुन्या सीडींवर प्रोग्रॅम ३२-बिट असतो पण सेटअप.ईएक्सई मात्र १६-बिट. अशा वेळी सेटअपच्या नादी न लागता जुन्या मशीनवरचा इन्स्टॉल झालेला फोल्डर उचलावा. सीडीवर नावाच्या शेवटी अंडरस्कोर असलेल्या फाइल्स असतील (ईएक्स_, डीएल_), तर विंडोजमधली "एक्सपांड" कमांड त्यातल्या बऱ्याचशा उलगडून देते.

३२-बिट विंडोज १० बद्दल: त्यात एनटीव्हीडीएम वैकल्पिक फीचर म्हणून मिळतो, म्हणजे चालेल. पण विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे टाकायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्क तोडून. तुमचा डेटा शेअर्ड आहे, म्हणजे तो मार्ग तुम्हाला अडचणीचाच. आणि पेन ड्राइव्हवरून फ्रीडॉस (मोफत मिळणारा डॉस) बूट करायचा विचार असेल तर आधी फर्मवेअरमध्ये सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीने बूट करायची सोय) आहे का बघा. नव्या मशीनवर बहुधा फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असतं आणि डॉस त्यावरून बूट होत नाही.

---

काळीखिडकी

वर म्हटलंय ते बरोबर. बदल.ईएक्सई विंडोज ११ वर चालतो, याचा अर्थच तो पीई आहे. हेडर बघितला तरी तेच निघेल. त्याच्या दोन्ही तक्रारी डॉसबॉक्सशिवाय सुटतात.

फाइल गायब होणं. प्रोग्रॅम "प्रोग्रॅम फाइल्स"मध्ये ठेवलाय का? तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नाही. मॅनिफेस्ट (कोणत्या परवानग्या लागतात ते विंडोजला सांगणारी माहिती) नसलेल्या ३२-बिट प्रोग्रॅमला एरर देण्याऐवजी विंडोज त्याचं लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं. तुमची फाइल युजर प्रोफाइलमध्ये अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरखाली सापडेल. याचा घातक भाग असा की वाचतानाही तो प्रोग्रॅम आधी व्हर्च्युअलस्टोअरमधलीच प्रत उचलतो. तुम्ही मूळ फोल्डरमध्ये नवी सेटिंग फाइल ठेवलीत तरी त्याला जुनीच दिसत राहते. प्रोग्रॅम सी:\बदल अशा साध्या फोल्डरमध्ये हलवा, तिथे लिहायची परवानगी आहे ना ते पाहा, आणि व्हर्च्युअलस्टोअरमधल्या प्रती तपासून काढून टाका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवूनही लक्षण जातं, पण रोजच्या कामाला ती सवय नको.

रेघांची अक्षरं. जुन्या चौकटी कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) ४३७ किंवा ८५० गृहीत धरून काढलेल्या असतात. बॅच फाइलमध्ये बदल.ईएक्सईच्या आधी "सीएचसीपी ४३७" टाका. तेवढ्याने जमलं नाही तर रीजन सेटिंगमध्ये, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबखाली, सिस्टिम लोकेल बदलायच्या चौकटीत जा. तिथे जगभरातल्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा असा "बीटा" लिहिलेला टिकबॉक्स असतो. देवनागरीची सोय होईल म्हणून पुष्कळ जण तो टिक करतात. त्याने सिस्टिमचं कोडपेज ६५००१ होतं आणि एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरणारे जुने प्रोग्रॅम बिघडतात. नुसतं दिसणंच नाही, लिहिलेल्या फाइलमधले कॉलमही सरकू शकतात. टिक काढा, मशीन रिस्टार्ट करा. युनिकोड देवनागरीला त्याची गरज नसते.

खिडकीचं वागणं. विंडोज ११ मध्ये कन्सोल प्रोग्रॅम हल्ली विंडोज टर्मिनलमध्ये उघडतात. स्क्रीनचा आकार स्वतः बदलणारे जुने प्रोग्रॅम तिथे अडखळतात. सेटिंगमध्ये डेव्हलपरसाठीच्या (काही आवृत्त्यांत "अ‍ॅडव्हान्स्ड" नावाच्या) पानावर डीफॉल्ट टर्मिनल "विंडोज कन्सोल होस्ट" करा. तरीही स्क्रीन बिघडत असेल तर खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये "लेगसी कन्सोल"चा टिकबॉक्स उपलब्ध असल्यास तो लावून प्रोग्रॅम पुन्हा उघडा.

बदल.ईएक्सईला दिलेली इनपुट फाइल लिनक्सवरून किंवा एखाद्या वेबसाइटवरून येत असेल तर ओळींचा शेवट बघा. त्यात बहुधा फक्त एलएफ (नव्या ओळीची खूण) असतो, जुन्या प्रोग्रॅमला सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत येण्याची खूण) आणि एलएफ दोन्ही लागतात. नाहीतर अख्खी फाइल त्याला एकच लांबलचक ओळ वाटते आणि तो २५५ व्या अक्षराशी वगैरे तुकडा पाडतो.

---

साखळीदुवा

स्टॉक.ईएक्सईबद्दल मी लिहितो, कारण यात डेटा बिघडण्याचा धोका खरा आहे.

साधा डॉसबॉक्स इथे वापरू नका. तो खेळांसाठी बनवलाय, रेकॉर्ड लॉकिंगची (एकाने उघडलेली नोंद दुसऱ्याला बदलू न देण्याची) त्याच्यात भरवशाची सोय नाही. एकट्याने चालवाल तेव्हा सगळं ठीक दिसेल. दोघांनी एकाच वेळी बिल टाकलं की एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर बसते किंवा एनटीएक्स तुटतो, आणि ते कळतं महिनाअखेरीला ताळा जुळेना म्हणजे. त्याचीच वाढवलेली आवृत्ती, डॉसबॉक्स-एक्स, घ्या. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये "डॉस" विभागात हे दोन असायला हवेत:

शेअर = ट्रू
फाइल अ‍ॅक्सेस ट्राइज = ३

दुसरी ओळ खास नेटवर्कवरच्या डेटाबेस प्रोग्रॅमसाठी आहे. तिच्यामुळे लॉक थेट विंडोजकडे मागितला जातो, म्हणून बाकीच्या मशीनना तो दिसतो.

मग ऑटोएक्झेक विभाग असा:

माउंट सी डी:\स्टॉक -फ्रीसाइझ ५००
माउंट एफ एफ:\
सेट क्लिपर=एफ:१२०
सी:
स्टॉक
एक्झिट

यात माउंटच्या ओळीतला एफ म्हणजे शेअर्ड फोल्डरला विंडोजमध्ये मॅप केलेला ड्राइव्ह. जुन्या मशीनवर जे अक्षर होतं तेच ठेवा, प्रोग्रॅममध्ये ते पक्कं लिहिलेलं असू शकतं.

-फ्रीसाइझ कशासाठी? रिकामी जागा विचारणारं डॉसचं जुनं फंक्शन क्लस्टरची संख्या १६ बिटांत देतं. त्यावरून प्रोग्रॅम बाइट काढतो आणि २ जीबीच्या पुढचा आकडा चिन्हासहित ३२ बिटांत मावत नाही, उणे होतो. मग शेकडो जीबी मोकळे असताना "डिस्कवर जागा नाही" म्हणून प्रोग्रॅम बंद. ५०० म्हणजे ५०० एमबी मोकळे आहेत असं त्याला सांगायचं.

क्लिपर=एफ:१२० ही एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइल्सची मर्यादा. पण डॉसच्या बाजूची "फाइल्स" ही मर्यादासुद्धा तितकीच किंवा जास्त हवी, दोन्हींतली कमी असेल ती लागू होते. कीबोर्ड, स्क्रीन वगैरेंसाठी पाच हॅन्डल (उघड्या फाइलसाठीच्या जागा) आधीच गेलेले असतात. डीबीएफ आणि इंडेक्स मिळून पंधरा-वीस फाइल्सवर प्रोग्रॅम अडत असेल तर कारण हेच.

आता सर्व्हर. विंडोजचा शेअर क्लायंटला फाइल स्वतःकडे कॅश करायची मुभा देतो. एकच फाइल अनेकांनी तुकड्यातुकड्याने लिहायच्या या पद्धतीला ते मानवत नाही. शेअर असलेल्या मशीनवर, पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडून, सेट-एसएमबीशेअर कमांडने त्या शेअरचा लीझिंगमोड "नन" करा. सांबा (लिनक्सवरचा फाइल शेअर) असेल तर शेअरच्या विभागात "ओपलॉक्स = नो" आणि "लेव्हल२ ओपलॉक्स = नो". वेग थोडा कमी होईल, होऊ द्या.

चालू करायच्या आधी: सगळ्यांना बाहेर काढा, डेटा फोल्डरची प्रत घ्या आणि प्रोग्रॅमच्या मेनूतून रिइंडेक्स करा. आणि काही दिवस एक मशीन जुन्यावर, दोन नव्यावर असं मिश्र चालवायचा मोह होईल, तो टाळा. तिन्ही एकदमच बदला. लॉक तपासायची सोपी रीत: एका मशीनवर एक रेकॉर्ड एडिटमध्ये उघडून ठेवा, दुसऱ्यावर तोच उघडा. "दुसरा युजर वापरत आहे" अशा अर्थाचा संदेश आला पाहिजे. नाही आला तर पुढे जाऊ नका, सेटिंग पुन्हा तपासा.

---

हेक्सवाचक

भार.ईएक्सईची २०० नंबरची एरर. टर्बो पास्कल ७ चं सीआरटी युनिट (स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारा तयार भाग) सुरू होतानाच डिले फंक्शनसाठी प्रोसेसरचा वेग मोजतं. डॉसचा एक टिक सुमारे ५५ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात रिकामं लूप किती वेळा फिरलं ते मोजून ५५ ने भागायचं, भागाकार १६ बिटांत ठेवायचा. भागाकार ६५,५३५ च्या पुढे गेला की प्रोसेसर भागाकाराची चूक नोंदवतो आणि पास्कल तिला "शून्याने भागणे" म्हणजे २०० असं नाव देतं. तुमच्या हिशोबात शून्य कुठेच नाही. हे सगळं तुमच्या कोडची पहिली ओळ चालायच्या आधी होतं, म्हणून मेनूही दिसत नाही. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर ही एरर यायला लागली.

उपाय तीन. सर्वांत सोपा: सायकल मॅक्सच्या जागी "फिक्स्ड २००००" ठेवा. डॉसबॉक्समधली सायकल म्हणजे दर मिलिसेकंदाला चालणाऱ्या सूचना, त्यामुळे २०,००० वर तो भागाकार ६५,५३५ च्या आसपाससुद्धा जात नाही. मोठी आकडेमोड असेल तर ५०,००० पर्यंत न्या. प्रोसेसरवरचा फुकटचा भारही याने उतरतो.

दुसरा: टीपीपॅच नावाची छोटी युटिलिटी ईएक्सईमधला तो भागच दुरुस्त करते. मूळ फाइलची प्रत ठेवून चालवा. ईएक्सई पॅक केलेली असेल तर तिला तो भाग सापडत नाही, आधी अनपॅक करावी लागते.

तिसरा, सोर्स आहे म्हणून: फ्री पास्कलमध्ये -एमटीपी हा पर्याय देऊन कंपाइल करा, थेट विंडोजचा प्रोग्रॅम मिळेल. पण दोन ठिकाणी अडेल. स्क्रीन मेमरीत (बी८००) थेट लिहिणारा किंवा पोर्ट वापरणारा कोड चालणार नाही. आणि टर्बो पास्कलचा "रिअल" ६ बाइटचा होता, फ्री पास्कलमध्ये तो ८ बाइटचा डबल होतो. म्हणजे रेकॉर्डची लांबी बदलते आणि जुनी डेटा फाइल पहिल्या रेकॉर्डपासूनच वाकडी वाचली जाते. ते सहा बाइट वेगळे घेऊन रूपांतर करणारा कोड लिहावा लागेल.

---

वहीखाते

हेडर तपासले. स्टॉक आणि भार साधे डॉस, बदल ३२-बिट पीई. बदलची फाइल व्हर्च्युअलस्टोअरमध्येच मिळाली, यूटीएफ-८ चा टिकही लागलेला होता. भार २०,००० वर चालतोय. स्टॉक डॉसबॉक्स-एक्समध्ये उघडतोय, लॉकचा संदेशही येतो.

उरलं दोन: छपाई, आणि रोज.बॅट. बॅचमध्ये "कमांड /सी" आणि "चॉइस /सी:वायएन /टी:एन,५" अशा ओळी आहेत, दोन्हींवर एरर येते. शिवाय स्टॉक बंद होताना एररलेव्हल (काम झालं की चुकलं ते सांगणारा आकडा) देतो, तो बाहेर येत नाही.

---

काळीखिडकी

"कमांड" म्हणजे कमांड.कॉम, तोही १६-बिट, ६४-बिट विंडोजमध्ये नाही. तिथे "सीएमडी /सी" लिहा. एडिट.कॉम आणि डीबग यांचंही तेच, त्या ओळी असतील तर काढा.

चॉइसचं व्याकरण बदललंय. जुन्यात वेळ आणि डीफॉल्ट उत्तर एकत्र असायचं, आता वेगळं: "चॉइस /सी वायएन /टी ५ /डी एन". त्याखालच्या "इफ एररलेव्हल" ओळी मोठ्या आकड्याकडून लहानाकडेच हव्यात, कारण त्या अटीचा अर्थ "इतका किंवा जास्त" असा आहे.

स्टॉकचा एररलेव्हल डॉसबॉक्स-एक्सच्या आतच राहतो. ऑटोएक्झेकमध्ये स्टॉकच्या पुढच्याच ओळीत "इफ एररलेव्हल १ एको १ > सी:\चूक.एफएलजी" टाका, मग एक्झिट. रोज.बॅटमध्ये सुरुवातीला जुनी चूक.एफएलजी पुसा, डॉसबॉक्स-एक्स "स्टार्ट /वेट"ने चालवा, आणि नंतर "इफ एक्झिस्ट डी:\स्टॉक\चूक.एफएलजी" तपासा. आत सी: म्हणजे बाहेर डी:\स्टॉक, तिथे गोंधळू नका.

बॅचमध्ये कुठे "प्रोग्रा~१" अशी आखूड नावं असतील तर "डीआयआर /एक्स" करून ती नव्या ड्राइव्हवर आहेत का बघा. सिस्टिम ड्राइव्हवर असतात, दुसऱ्या ड्राइव्हवर बहुतेकदा बंद असतात. नंतर चालू केली तरी आधीच्या फोल्डरना आपोआप मिळत नाहीत. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिणं बरं.

---

साखळीदुवा

छपाई कोणत्या प्रिंटरवर हे आधी ठरवा.

डॉट मॅट्रिक्सच ठेवणार असाल, यूएसबीवर: डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल१ ला "फाइल" करा म्हणजे एलपीटी१ चा सगळा मजकूर कोडसकट फाइलमध्ये उतरतो. प्रिंटर विंडोजमध्ये शेअर करा आणि ती फाइल "कॉपी /बी" ने त्या शेअरच्या नावावर पाठवा. /बी विसरू नका. नाहीतर मजकुरात हेक्स १ए हा बाइट आला की कॉपी तिथेच थांबते आणि अर्धंच पान छापलं जातं. १३२ कॉलम मिळतात ते कोड १५ मुळे (हेक्स नव्हे, साधा दशमान आकडा), तो आखूड अक्षरं चालू करतो, १८ बंद करतो. हे बाइट फाइलमध्ये जसेच्या तसे असले पाहिजेत, म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका.

लेझर किंवा इंकजेट घेणार असाल: स्वस्तातले बरेच प्रिंटर स्वतः साधा मजकूर समजत नाहीत, पानाचं चित्र विंडोजचा ड्रायव्हर बनवून देतो. अशांना कच्चा मजकूर पाठवला तर काहीच होत नाही किंवा रिकामी पानं निघतात. तिथे पॅरलल१ ला "प्रिंटर" करा आणि प्रिंटर विभागात प्रिंटआउटपुटही "प्रिंटर" ठेवा. डॉसबॉक्स-एक्स एप्सनच्या पद्धतीचे कोड स्वतः वाचून विंडोजला पान देतो. स्टॉकच्या अहवालाला शेवटी फॉर्मफीड (पान बाहेर काढायचा कोड) नसेल तर शेवटचं पान अडकून राहतं, त्यासाठी त्याच विभागात टाइमआउट द्या. तो मिलिसेकंदांत असतो, ३००० पासून सुरू करा. मोठ्या अहवालात प्रोग्रॅम मध्येच हिशोबाला थांबतो, तेव्हा पान अर्धवट बाहेर पडत असेल तर १०,००० पर्यंत वाढवा.